लॅपटॉपची स्क्रीन अडकली, आतून बाई ओरडायला लागली आणि मी त्या नंबरावर फोन केला. आता काय करू?

काउंटर_नंबर_४ | बुधवार, रात्री ९.५०

नमस्कार मंडळी. मी एरवी बागकामाच्या गप्पांत असतो, हा विभाग माझा नव्हे. पण झोप लागत नाही म्हणून लिहितोय.

आधी ओळख सांगतो, नाहीतर लाज कशाची वाटतेय ते कळणार नाही. वय ६९, राहणार कोल्हापूर. ३४ वर्षं बँकेत काढली, शेवटची सहा शाखाधिकारी म्हणून. ‘कुणालाही पिन सांगू नका’ हा बोर्ड मी स्वतः उभा राहून भिंतीला ठोकून घेतलाय.

काल दुपारी सव्वातीनची गोष्ट. सौ. भिशीला गेली होती. नोव्हेंबर म्हणजे आम्हा पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा महिना, त्याचा फॉर्म छापायचा होता. प्रिंटर ‘ऑफलाइन’ म्हणून हटून बसला. मुलगा बंगळूरला, ऑफिसच्या वेळात त्याला त्रास नको म्हणून प्रिंटरचं नाव आणि पुढे ‘ड्रायव्हर’ असं टाकून शोधलं. एका पानावर तीन हिरवी बटणं होती, तिन्हींवर ‘डाउनलोड’. मी मधलं दाबलं.

स्क्रीन भरून निळं पान आलं. त्यावर एकावर एक चार-पाच खिडक्या, विंडोजच्या असाव्यात तशाच. एकीत फायलींची नावं भराभर पळत होती आणि ‘सापडलेले व्हायरस’ असा आकडा चढत होता. माउसचा बाण गायब. एस्केप दाबलं तर पान क्षणभर हललं आणि परत तसंच. आणि आवाज! आधी भोंगा, मग एक बाई इंग्रजीत: तुमचा कॉम्प्युटर लॉक केला आहे, तो बंद करू नका, बंद केलात तर सगळा डेटा जाईल, ताबडतोब या नंबरावर फोन करा. कोपऱ्यात माझा आयपी पत्ता आणि खाली गावाचं नाव: पुणे. मी कोल्हापुरात बसलोय. पण त्या गडबडीत वाटलं, पुण्यातून कुणीतरी शिरला असेल.

फोन लावला. दुसऱ्याच रिंगला उचलला. नाव सांगितलं ‘रॉबर्ट’, इंग्रजी मात्र आपल्यासारखंच. अतिशय अदबशीर. ‘सर, घाबरू नका, योग्य ठिकाणी फोन केलात.’ त्याने आधी एक बटण धरून ठेवायला सांगितलं, पान छोटं झालं आणि बाई गप्प झाली. तिथेच मी त्याचा झालो म्हणा ना. मग ॲनीडेस्क (दुरून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) टाकायला लावलं, नऊ आकडी नंबर विचारला, ‘ॲक्सेप्ट’ दाबायला सांगितलं. बाण आपोआप फिरायला लागला.

मग तपासणी. एक यादी उघडली, तीत लाल फुल्या आणि पिवळे त्रिकोण, शेकड्यांनी. ‘हे सगळे एरर हॅकरमुळे, सर.’ मग काळी खिडकी, तीत चार रकाने. एकाचं शीर्षक ‘फॉरेन ॲड्रेस’. म्हणाला, बघा, परदेशी लोक तुमच्या मशीनमध्ये आहेत. आता मी फॉरेन एक्स्चेंज डेस्कवर दोन वर्षं काढलेली. मला फॉरेन म्हणजे फॉरेनच वाटलं! शेवटी त्या काळ्या खिडकीत ओळी सरसर वर गेल्या आणि तळाशी इंग्रजीत उमटलं: ट्रोजन सापडला, सिक्युरिटी संपली.

सिक्युरिटी ‘की’ ४,९९९ रुपयांची. स्क्रीनवर क्यूआर आला, मी मोबाइलने स्कॅन केला. नाव आलं कुठल्याशा जनरल स्टोअर्सचं. मी ते वाचलं. नीट वाचलं. आणि पिन टाकला.

पुढे म्हणे, हॅकर तुमच्या बँक खात्यापर्यंत पोचलाय का ते बघू, नेटबँकिंग उघडा, ‘मी बघत नाही सर, माझ्याकडे स्क्रीन काळी दिसते.’ लॉगिन केलं आणि स्क्रीन माझ्याकडेच काळी झाली. ‘स्कॅन चालू आहे, दहा मिनिटं हात लावू नका.’ मोबाइल वाजला. ‘सर, आलेला नंबर वाचा, तो कॅन्सलेशन कोड आहे.’ मी चष्मा सारला आणि मेसेज पहिल्या शब्दापासून वाचला. नवीन लाभार्थी, म्हणजे खात्यातून ज्याला पैसे पाठवायचे तो, जोडण्यासाठीचा ओटीपी. लाभार्थी! हा शब्द मी आयुष्यभर वाचलाय. मी कुणालाही जोडत नव्हतो. उठलो आणि राउटरची पिन भिंतीतून उपटली. फोनवर रॉबर्ट तेव्हा ‘सर? सर?’ करत होता, मग हिंदीत एक शिवी दिली आणि ठेवला.

लॅपटॉप तेव्हापासून बंद आहे. ४,९९९ सोडून बाकी खातं जागेवर आहे, आज सकाळी शाखेत जाऊन पासबुक भरून आलो. तिथेही कुणाला काही बोललो नाही. प्रश्न तीन: लॅपटॉप सुरू करू की नको? आत काही राहिलं असेल का? आणि तक्रार केलीच पाहिजे का? चौथा प्रश्न म्हणजे घरी सांगितलेलं नाही. पण तो तुम्हाला विचारण्यातला नाही.

---

घाईतली_घारी | बुधवार, रात्री १०.०४

काका, बाकीचे प्रतिसाद नंतर वाचा. आधी १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा, आत्ता. एक दिवस गेलाय, तरी लावा. पैसे ज्या खात्यात गेले ते गोठवायला तिथूनच सुरुवात होते. यूपीआयचा व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम समोर कागदावर लिहून ठेवा, पहिल्यांदा तेच विचारतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तीच तक्रार.

पासबुक भरून आलात आणि न बोलता आलात?? बँकेला कळवा हो. मोबाइलवरून नेटबँकिंगचा पासवर्ड बदला, त्या लॅपटॉपवरून नाही.

---

स्क्रूड्रायव्हर_सांगली | बुधवार, रात्री ११.२०

दुकान बंद करून बसलोय, सविस्तर लिहितो. काका, महिन्यात एखादं तरी मशीन असं येतंच माझ्याकडं. मागच्या महिन्यात एक डॉक्टर आलेले, त्यांनी लॅपटॉप चादरीत गुंडाळून आणला होता. व्हायरस बाहेर सांडेल म्हणून की काय, देवाला ठाऊक.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की बसवा. ते निळं पान म्हणजे नुसती वेबसाइट होती. वर्तमानपत्राच्या साइटसारखीच एक साइट. तिनं फुल स्क्रीन मागितली, बाण लपवला, आवाजाची फाइल लावली, बस्स. पळणाऱ्या फायली म्हणजे चित्रफीत समजा. त्या क्षणी तुमच्या मशीनला काहीही झालेलं नव्हतं. पुणे दिसलं कारण तुमच्या इंटरनेट कंपनीचा पत्ता पुण्याच्या नावावर नोंदलेला असणार. आमच्याकडं सांगलीत बसून कधी मुंबई दिसते, कधी हैदराबाद.

त्या बटणाचं गुपित सांगतो: एस्केप. तुम्ही दाबून सोडलंत, त्यानं धरून ठेवायला लावलं. दोन-तीन सेकंद दाबून धरलं की क्रोम फुल स्क्रीनमधून बाहेर येतं. तेवढंच ज्ञान त्याच्याकडं तुमच्यापेक्षा जास्त होतं. त्यानंही नाही झालं तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट. हे तिन्ही विंडोज स्वतःकडं ठेवतं, कुठल्याही वेबसाइटला अडवता येत नाहीत. तिथून टास्क मॅनेजर, त्यात ब्राउझर निवडायचा आणि ‘एंड टास्क’. काहीच सुचलं नाही तर पॉवरचं बटण दाबून धरा. ‘बंद करू नका’ असं ती बाई सांगते ना, कारण बंद केलं की धंदा संपला. एक मात्र, परत ब्राउझर उघडला की ‘पानं पुन्हा उघडू का’ विचारतो. रिस्टोर दाबू नका, नाहीतर बाई परत हजर.

आता ती तपासणी. लाल फुल्यांची यादी म्हणजे इव्हेंट व्ह्यूअर. ती विंडोजची रोजनिशी आहे. वायफाय दोन मिनिटं गेलं, लाल फुली. एखादी सर्व्हिस उशिरा सुरू झाली, पिवळा त्रिकोण. मी आत्ता माझ्या स्वतःच्या नव्या कोऱ्या मशीनवर उघडून बघितलं, दोनशेच्या वर आहेत. ‘फॉरेन ॲड्रेस’ म्हणजे नेटस्टॅट ही कमांड. फॉरेन म्हणजे जोडणीचं दुसरं टोक, एवढंच. तुम्ही कोल्हापूरच्या दैनिकाची साइट उघडली तरी ती त्या रकान्यात येणार. त्यानं बोट ठेवलेल्या ओळीत १२७.०.०.१ असं काही होतं का? तो तर तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता. मशीन स्वतःशी बोलतंय.

आणि सरसर ओळी जाणारी कमांड म्हणजे ‘ट्री’. फोल्डरची यादी छापते. ती पळत असताना तो खाली स्वतःच टाइप करतो, ‘ट्रोजन सापडला’, आणि यादी संपली की ते शब्द तळाशी उमटतात. निकाल मशीननं दिला असं वाटतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मीपण हसलो होतो, युक्ती भारी आहे राव.

पण काका, ॲनीडेस्क दिल्यापासून पुढचं सगळं खरं आहे. ते सॉफ्टवेअर वाईट नाही, मी स्वतः गिऱ्हाइकांना त्यावरच मदत करतो. पण किल्ली कुणाच्या हातात दिली हा प्रश्न आहे. लॅपटॉप सुरू करा, पण वायफाय न जोडता. कंट्रोल पॅनेलमध्ये इन्स्टॉल झालेल्यांची यादी तारखेप्रमाणं लावा आणि मंगळवारी काय काय आलं ते बघा. हे लोक एक दार उघडं ठेवून जात नाहीत, दोन ठेवतात. ॲनीडेस्क काढलं म्हणून निश्चिंत होऊ नका. क्रोममध्ये पासवर्ड साठवलेत का? असतील तर ते सगळे गेले असं धरा आणि मोबाइलवरून बदला, ईमेलचा सगळ्यात आधी. ईमेलच्या सेटिंगमध्ये पत्रं दुसरीकडं फॉरवर्ड होत नाहीत ना, तेही बघा. नेटबँकिंगमध्ये लाभार्थींची यादी आणि व्यवहाराची मर्यादा, दोन्ही तपासा. मर्यादा वाढवून ठेवलेली मी बघितलीय.

मी असतो तर फोटो आणि कागद पेनड्राइव्हवर घेऊन विंडोज नव्यानं टाकलं असतं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. माणूस वीस मिनिटं आत होता, स्क्रीन काळी करून होता, त्यानं काय केलं ते शोधत बसण्यापेक्षा पुसणं स्वस्त.

जाता जाता: विंडोजच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो. मायक्रोसॉफ्टनं हे स्वतः लिहून ठेवलंय. नंबर दिसला की पुढचं वाचायचीपण गरज नाही.

आणि प्रिंटर ऑफलाइन दाखवतो तेव्हा ड्रायव्हरचा दोष क्वचितच असतो हो.

---

काउंटर_नंबर_४ | गुरुवार, सकाळी ८.१५

१९३० ला रात्रीच लावला. तिसऱ्या प्रयत्नात लागला. पलीकडची मुलगी मराठीत बोलली आणि मला एकदाही ‘असं कसं केलंत’ म्हणाली नाही. तक्रार क्रमांक मेसेजने आला.

स्क्रूड्रायव्हर, तुम्ही म्हणालात तेच निघालं. यादी तारखेप्रमाणे लावली. मंगळवारी दोन गोष्टी आलेल्या. एक ॲनीडेस्क, ते मी टाकलेलं. आणि दुसरं अल्ट्राव्ह्यूअर, तसलंच सॉफ्टवेअर. हे मी कधीच टाकलेलं नाही! ते केव्हा शिरलं असेल ते आठवलं. त्याने सांगितलं होतं, ‘सर, पाणी पिऊन या, स्कॅनला वेळ लागेल.’ मी पाणी प्यायला गेलो होतो.

त्या ओळीतला पत्ता पूर्ण आठवत नाही, पण सुरुवातीला एक-दोन-सात होतं खास.

---

तिरकस_तात्या | गुरुवार, सकाळी ९.०२

बँकेत शाखाधिकारी आणि क्यूआर कोडवर जनरल स्टोअर्सचं नाव वाचून पिन टाकला? धन्य आहे. आमच्या ठेवी अशांच्या हाती होत्या तर.

---

रात्रपाळी | गुरुवार, सकाळी १०.३७

तात्या, मी त्या टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसलेय, म्हणून सांगते.

२०१९ मध्ये मी बारावीनंतर घरी होते. जाहिरात होती ‘इंटरनॅशनल व्हॉइस प्रोसेस, रात्रपाळी, पिकअप-ड्रॉप, २२ हजार अधिक इन्सेंटिव्ह’. वसईहून गाडी न्यायला यायची. कंपनीचं नाव लिहीत नाही, पाटीवर तसंही प्रवासी कंपनीचं नाव होतं. पहिले चार दिवस ट्रेनिंग. माझं नाव ‘ॲना’. आम्हाला खरंच वाटायचं की आपण अँटिव्हायरस विकतो. म्हणजे पहिला आठवडा तरी. दुसऱ्या आठवड्यात न कळणारा माणूस तिथे कुणी नव्हता, मीसुद्धा नव्हते. मी दोन महिने राहिले. ते का राहिले याचं उत्तर २२ हजार असंच आहे, गोड करून सांगत नाही.

आम्ही लोकांना फोन करत नव्हतो. फोन विकत यायचे. निळं पान दाखवणारी मंडळी वेगळी, जाहिराती घेणारी वेगळी, ते प्रत्येक कॉलचे पैसे घ्यायचे. कॉलचे पैसे आधीच मोजलेले, म्हणून उचलला की सोडायचा नाही. मी ‘ओपनर’ होते. माझं काम भीती टिकवायची आणि मशीन हातात घ्यायची. पैसे काढायला ‘क्लोजर’, तो सीनियर. काका, तुमचा रॉबर्ट दोन्ही एकटाच करत होता म्हणजे छोटी टोळी असणार.

स्क्रिप्टमध्ये तिसराच प्रश्न असायचा: तुमच्याबरोबर आत्ता घरात कुणी आहे का, म्हणजे त्यांचंही मशीन तपासू? तपासायचं काही नसायचं. माणूस एकटा आहे का ते कळायचं. आणि एकदा छोटं काहीतरी करायला लावायचं, ज्याने त्रास लगेच थांबेल. भोंगा बंद करणं हे तेच. ज्याने भोंगा बंद केला त्याने पुढे सांगितलेलं माणूस ऐकतो. ज्याचा व्यवसाय जबाबदारीचा, तो जास्त ऐकतो. रिटायर्ड इंजिनिअर, मुख्याध्यापक, बँकवाले. त्यांना सूचना पाळायची सवय असते, आणि चूक झाली तर ते कुणाला सांगत नाहीत. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं आहे, तात्या. क्यूआरवर दुकानाचं नाव बघूनही काका थांबले नाहीत, यात मला काहीच नवल वाटलं नाही.

फोन कोण कट करायचं माहितेय? ‘मी मुलाला विचारून परत फोन करतो’ म्हणणारे. त्यांना थांबवायला एक पूर्ण पान स्क्रिप्ट होती: मुलाच्या मशीनलाही लागण होईल, दहा मिनिटं राहिलीत, वगैरे. एवढी लांब स्क्रिप्ट बाकी कशालाच नव्हती.

मीरा रोडला ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी धाडी घातल्या, सातशेच्या आसपास पोरं-पोरी ताब्यात घेतल्या. ते अमेरिकेच्या करखात्याच्या नावाने धमकावण्याचं प्रकरण. आमच्या आयांनी ते टीव्हीवर बघितलं होतं आणि तरी आम्हाला गाडीत बसवलं, कारण ‘आपली कंपनी वेगळी’. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयने ‘ऑपरेशन चक्र-२’ म्हणून ७६ ठिकाणी छापे घातले, त्यात मायक्रोसॉफ्ट आणि ॲमेझॉनच्या तक्रारींवरून याच टेक सपोर्टवाल्यांचे गुन्हे होते. त्या रात्री मी बातमी तीनदा वाचली. आता मी एका हॉटेलच्या रिसेप्शनला आहे. अजून कुणी म्हातारं माणूस फोनवर ‘थँक यू बेटा’ म्हणालं की पोटात गोळा येतो.

---

एडिसनकर | गुरुवार, रात्री ८.४४

न्यू जर्सीहून. इकडे हा रोजचा विषय आहे. एफबीआयच्या तक्रार केंद्राच्या २०२३ च्या अहवालात नुसत्या टेक सपोर्टच्या फसवणुकीत ९२ कोटी डॉलरच्या वर गेले असं आहे, आणि त्यात साठीच्या पुढचे लोक सगळ्यात जास्त.

आमचे बाबा उन्हाळ्यात आले होते. माझ्या मॅकवर मराठी नाटकांच्या शोधात कुठल्यातरी साइटवर गेले आणि तेच पान, फक्त ॲपलच्या वेषात. त्यांनी फोन लावला, पलीकडे ‘केविन’. बाबांना इंग्रजीत भांडता येत नाही, म्हणून त्यांनी सरळ विचारलं, ‘बेटा, घर कहाँ है तुम्हारा?’ पलीकडे शांतता. मग म्हणे, ‘अंकल, फोन रख दो.’ आणि त्याने स्वतःच ठेवला. त्या मुलाचं काय झालं असेल कोण जाणे.

मॅकवाल्यांसाठी: कमांड, ऑप्शन आणि एस्केप एकत्र, मग सफारी निवडून ‘फोर्स क्विट’. परत उघडताना शिफ्ट धरून उघडा, म्हणजे जुनी पानं येत नाहीत.

अजून एक प्रकार राहिला. आईच्या लॅपटॉपवर कोपऱ्यातून ‘व्हायरस सापडला’ अशा पट्ट्या यायच्या, ब्राउझरमध्ये काही उघडलेलं नसतानाही. कुठल्यातरी साइटने ‘मी रोबो नाही यासाठी अलाउ दाबा’ म्हटलं होतं, तिने दाबलं. ती नोटिफिकेशनची परवानगी होती. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स, तिथे अनोळखी नावं दिसतील ती काढून टाका. आणि प्रायव्हसीमध्येच, सिक्युरिटीखाली, सेफ ब्राउझिंगचं ‘एन्हान्स्ड प्रोटेक्शन’ चालू करा. २०२५ पासून क्रोम अशी पानं मशीनवरच ओळखायला लागलंय. मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्येही अशी घाबरवणारी पानं अडवणारा ‘स्केअरवेअर ब्लॉकर’ आलाय. दर वेळी पकडतील असं नाही, पण आईसाठी मी दोन्ही चालू केलंय.

---

घाईतली_घारी | गुरुवार, रात्री ९.१०

काका, बँकेत गेलात का? ते लेखी द्या. ६ जुलै २०१७ चं रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक आहे, बँकेला कळवल्यानंतर जे नुकसान होईल ते बँकेच्या डोक्यावर. आधीचं, म्हणजे आपण स्वतः पिन टाकून पाठवलेलं, आपल्यावर. म्हणून कळवल्याची वेळ आणि पोच महत्त्वाची.

---

काउंटर_नंबर_४ | रविवार, दुपारी १२.३०

घारीताई, ते परिपत्रक माझ्या निवृत्तीनंतरचं, पण वाचलं होतं. दुसऱ्यांसाठी वाचलं होतं, हा फरक. शुक्रवारी अर्ज दिला, शिक्का मारून पोच घेतली. काउंटरवरचा मुलगा मी भरती झाल्यावर दहाएक वर्षांनी जन्मला असेल. त्याने अर्ज वाचला, वर बघितलं, आणि आतल्या आवाजात म्हणाला, ‘सर, आमच्या मॅनेजर मॅडमच्या सासऱ्यांचं पण झालंय.’

सायबर पोलिसांकडून फोन आला होता. ते जनरल स्टोअर्सचं खातं गोठवलंय म्हणाले, आत किती शिल्लक आहे ते सांगितलं नाही. पैसे आले तर लिहीन.

विंडोज नव्याने टाकून घेतलं. एडिसनकर, त्याआधी नोटिफिकेशनची यादी बघितली, अकरा नावं होती. त्यातल्या नऊ साइट्स मी आयुष्यात बघितल्याचं आठवत नाही.

रात्रपाळी, तुम्हाला काय लिहावं ते दोन दिवस सुचलं नाही. त्याने मला खरोखर विचारलं होतं, ‘मॅडम घरी आहेत का सर?’ मी म्हणालो होतो, भिशीला गेली आहे, सहाला येईल. तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत.

चौथ्या प्रश्नाचं असं झालं. शुक्रवारी बँकेतून आल्यावर सौ.ला सांगायचं ठरवलं. चहा घेतला, सुरुवात केली. ती म्हणाली, ‘चार हजार नऊशे नव्याण्णव ना?’ खातं जॉइंट आहे. मेसेज तिच्याही मोबाइलवर येतात, तशी नोंद मीच करून घेतली होती, २०१५ साली. भिशीत बसली असतानाच तिला मेसेज आला होता. तीन दिवस ती वाट बघत होती की मी कधी बोलतोय. तिला वाटलं, मी बागेसाठी परत काहीतरी महागडं मागवलंय.

आणि स्क्रूड्रायव्हर, प्रिंटरची वायर मागून सैल होती. मांजर तिथे झोपतं.